बूचपट्टी

"काखेत कशी धरलीय बघा, जसं काही पोटचं पोर," जाऊबाई नवऱ्याच्या कानात पुटपुटल्या. कानात म्हणजे आपली त्यांची समजूत. बोटीची लिफ्ट ती केवढीशी, आत आठ माणसं, सगळी जेवायला निघालेली आणि सगळी अत्तरात बुडवून काढलेली. धाकटीचं नाक जाऊबाईंच्या मानेला टेकायचं तेवढं बाकी होतं. तिला ऐकू न येऊन सांगतं कुणाला?

"राहू दे गं. शेवटची हौस आहे, करून घेऊ दे," दादा तितक्याच हळू, म्हणजे सगळ्या लिफ्टला ऐकू जाईल असं म्हणाले.

बाटली धाकटीच्या नवऱ्याच्या काखेत होती. घरच्या मळ्यातली, घरच्या तळघरातली, गेल्या वर्षीची लाल वाईन. चिठ्ठी चिकटवलेली नाही, नुसती हिरवी काच आणि बूच. बोटीचा नियम असा, की चढताना दर खोलीमागे एक बाटली बरोबर आणायला हरकत नाही. खोलीत बसून प्यायलात तर तुमची तुम्हाला लखलाभ, पण जेवणाच्या दालनात आणलीत तर ती उघडून द्यायचे वेगळे पैसे. नवऱ्याला ते पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तो म्हणाला, देईन. आईची पंचाहत्तरी आहे, आई परक्याची वाईन पिणार नाही.

आई लिफ्टच्या कोपऱ्यात काठी टेकून उभ्या होत्या. त्यांना कमी ऐकू येतं असं सगळे धरून चालत. धाकटी मात्र बारा वर्षं त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात काढून एवढं शिकली होती, की आई सोयीनं बहिऱ्या आहेत.

हा सगळा प्रवास दादांच्या खर्चानं चालला होता आणि ते दादा कुणाला विसरू देत नव्हते. दादा दातांचे डॉक्टर. शहरात दोन दवाखाने, आणि माणूस हसला की आधी त्याच्या दाढा मोजायच्या अशी सवय. मळा, तळघर आणि तळघरावरचं घर आईंच्या नावावर. सासरे गेल्याला तीन वर्षं झाली. दादांना ते सगळं विकायचं होतं, गिऱ्हाईक तयार होतं, कागद तयार होते. धाकट्या भावाची इच्छा, की आईनं ते आपल्या हाती सोपवावं. आई म्हणाल्या होत्या, "बोटीवरून उतरायच्या आत सांगते." उद्या सकाळी बोट किनाऱ्याला लागणार होती. म्हणजे सांगायचं ते या जेवणात.

टेबल लांबट होतं, खिडकीलगत. आई टोकाला बसल्या. धाकटी नवऱ्याच्या शेजारची खुर्ची ओढायला गेली तर जाऊबाईंनी तिचा दंड धरला.

"अगं, रोज बसतेसच की शेजारी. समोर बस जरा. नवऱ्याचं तोंड बघ, आठवतंय का कसं आहे ते."

"पाठ आहे मला ताई."

"मग उजळणी कर."

बसावं लागलं. ती आणि दादा एका बाजूला, तिचा नवरा आणि जाऊबाई समोर. या एवढ्याशा गोष्टीनं पुढे काय केलं ते कळेलच.

वेटर आला. उंच, पांढऱ्या कोटातला, केसांना तेल लावल्यासारखा गुळगुळीत. नवऱ्यानं बाटली त्याच्या पुढे धरली. वेटरनं ती दोन्ही हातांनी घेतली, चिठ्ठी शोधली, नाही म्हटल्यावर नम्रपणे मान झुकवली आणि एक छोटा कागद टेबलावर ठेवला. बूच काढण्याचा आकार. दादांनी तो वाचला आणि ते मागे रेलले.

"घरपट्टी ऐकली होती, पाणीपट्टी ऐकली होती. बूचपट्टी आज कळली! छोट्या, एवढ्या पैशांत यांच्याकडची चांगली बाटली आली असती की रे."

"चांगली म्हणजे कुठली? तुला काय कळतं त्यातलं?" नवरा म्हणाला.

"मला नाही कळत. मी दातवाला माणूस. पण तुझ्या गिऱ्हाइकांना कळतं ना? गेल्या वर्षी किती पिंपं ओतून दिलीस?"

"दोन. आणि त्याआधीच्या वर्षी दहा विकली गेली ती नाही बघितलीस?"

"म्हणजे चाललंय झकास. मग आईला घरात नवा बंब का घेऊन देत नाहीस?"

आईंनी पावाचा तुकडा मोडला. कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या मानानं त्यांचं लक्ष फार होतं.

धाकटी पाणी प्यायली. ओतून दिलेली ती दोन्ही पिंपं तिला आठवत होती. ती माहेरी गेली होती तेव्हाची. आठ दिवस ती नव्हती आणि आठ दिवसांत नवऱ्यानं स्वतःच्या मनानं निर्णय घेतले होते.

आता हे सांगायलाच हवं. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याला एक ताप आला. ताप गेला, पण जाताना त्याच्या नाकातला वास घेऊन गेला. जळलेलं दूध कळेना, ओल्या मातीचं कळेना, कशाचंच काही कळेना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. आला नाही. वाईन करणाऱ्या माणसाचा वास जाणं म्हणजे काय ते लोहाराचे हात तुटले की लोहाराला विचारावं. पहिले काही दिवस तो रात्रंदिवस पिंपांशी बसून राहिला. मग एका दुपारी कपाटातून वडिलांचा जुना कोट काढून आणला आणि तिच्या नाकाशी धरला.

"सांग ना, बाबांचा येतो का अजून?"

कोटाला डांबराच्या गोळ्यांशिवाय कशाचाही वास नव्हता.

"येतो," धाकटी म्हणाली.

तिथून सुरू झालं. लग्नाआधी ती साबणाच्या कारखान्यात होती. घाण्यातला साबण बिघडायच्या आदल्या दिवशी तिला कळायचं, म्हणून मुकादम तिला दारातून आत घेताना आधी नाकाची खुशाली विचारायचा. तेच नाक आता तळघरात लागलं. पहाटे ती पिंपांवरून फिरायची आणि खडूनं खुणा करायची. आडवी रेघ म्हणजे थांबा, फुली म्हणजे तयार. मग सकाळी कामगारांसमोर तो काचेची नळी घेऊन यायचा, घोट घ्यायचा, डोळे मिटायचा आणि खडूनं जे आधीच सांगितलं होतं ते गंभीरपणे जाहीर करायचा. गिऱ्हाईक आलं की ती त्याच्या शेजारी उभी राहून पेले पुसायची. चांगला पेला डावा असेल तर फडकं डाव्या हातात, उजवा असेल तर उजव्या. दोन वर्षांत एकदाही चूक नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि ही टेबलावरची बाटली? मळ्याच्या वरच्या उताराची द्राक्षं आणि खालच्या तळ्याकाठची, दोन्ही वेगवेगळी मुरवलेली. सासरे ती कधी एकत्र करत नसत. नवरा म्हणाला, खबरदार. तिनं केली. एका लहान पिंपात, कुणाला न सांगता, थोडं यातलं थोडं त्यातलं, पुन्हा थोडं यातलं. दीड महिना ती त्या पिंपाशी भांडली. सगळ्या जन्मात तिच्या हातून एवढी नीट गोष्ट दुसरी झाली नव्हती. नवऱ्यानं ती 'बाबांच्या पद्धतीची' म्हणून बोटीवर आणली तेव्हा ती काही बोलली नाही.

सूप आलं, गेलं, मासे आले. वेटर बाटली उघडायला हात लावणार इतक्यात दादांनी त्याला बोटानं थांबवलं.

"एक गंमत करू. यांची एक लाल आणा. साधारण हिच्याच जातीची. दोन पेले भरा, एकात ती, एकात ही. छोट्यानं सांगायचं, घरची कुठली. बापाच्या गादीवर बसायचंय ना? मग एवढं तर यायला हवं."

"हा काय पोरखेळ?" नवरा म्हणाला.

"घाबरलास?"

"मी कशाला घाबरू?"

"भाऊजी, पंचाहत्तरी आहे आईंची," जाऊबाई गोड आवाजात म्हणाल्या, "करा की त्यांची करमणूक. आमच्याकडे म्हण आहे, नाकापेक्षा मोती जड होऊ नये."

धाकटीच्या हातातला चमचा बशीला लागून वाजला. हिला माहीत आहे? का नुसतंच तोंडात आलं म्हणून? जाऊबाई शांतपणे माशाचा काटा काढत होत्या.

नवऱ्यानं एकदाच तिच्याकडे पाहिलं. ती नजर तिला पाठ होती. गिऱ्हाईक दारात आलं की तो असाच बघायचा. मग तो सरळ बसला आणि म्हणाला, "आणा."

बाजूचं छोटं टेबल नवऱ्याच्या पाठीमागे होतं. त्याला दिसत नव्हतं, धाकटीला आणि दादांना स्वच्छ दिसत होतं. वेटरनं दोन पेले भरले आणि आणून नवऱ्यापुढे ठेवले. दोन्ही लाल, आणि त्या पिवळ्या दिव्यांत तर जुळ्या बहिणी. धाकटीला दिव्यांची गरज नव्हती. टेबलापलीकडून तिला तिच्या वाईनचा वास आला, पावसात भिजलेल्या लाकडासारखा, मागे जरा मिरीसारखं काही. डावा पेला घरचा होता. तिनं मांडीवरचा रुमाल उचलला, बोटं पुसल्यासारखं केलं आणि रुमाल डाव्या हातात ठेवला.

नवऱ्यानं रुमाल पाहिला. ओठाच्या कोपऱ्यात किंचित हसला. आणि त्याच्या डाव्या हाताचा पेला उचलला.

तिचा डावा तो त्याचा उजवा. दोन वर्षं दोघं खांद्याला खांदा लावून उभी राहिली होती, समोरासमोर कधी बसलीच नव्हती! तिनं घाईनं रुमाल उजव्या हातात घेतला, पण नवऱ्याचे डोळे तोवर मिटले होते. त्यानं पेला गोल फिरवला, नाकाशी नेला, छाती भरून श्वास घेतला, घोट तोंडात घोळवला. नाटक त्याला अगदी बिनचूक यायचं.

"ही," तो म्हणाला. "शंकाच नको. आई, बाबांचा हात आहे बघ यात. गोलाई बघ."

"आणि दुसरी?" दादांनी विचारलं. आवाज मधात घोळवलेला.

त्यानं दुसरी चाखली आणि तोंड वाकडं केलं. "ही? पाणचट. दोन टोकांची दोन भांडणं एका भांड्यात कोंबलीत. करणाऱ्याला कशाचा कशाला पत्ता नाही. पाय धुवायच्या लायकीची."

दादा हसले. सगळे दात दिसले, स्वतःचे आणि बसवलेले.

"छोट्या, तू आत्ता बोटीची वाईन बाबांची म्हणून प्यायलास. आणि बाबांच्या तळघरातल्या वाईननं पाय धुतलेस."

नवऱ्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. "दिवे मंद आहेत," तो म्हणाला. "अत्तरं केवढी लावलीत सगळ्यांनी, यात कुणाला काय—"

"दिवे पिता का भाऊजी तुम्ही?"

"तू गप गं वहिनी!"

"तिच्यावर कशाला ओरडतोस? चूक तुझी," दादा म्हणाले आणि त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी घातलेले कागद काढले, काढताना हात जराही घुटमळला नाही. "आई, अजून काय बघायचं राहिलंय? याच्या हाती मळा दिलास तर चार वर्षांत तिथे शेळ्या चरतील. कर सही. उद्यापर्यंत कशाला थांबायचं?"

आईंनी कागदाकडे पाहिलं, मग धाकट्या मुलाकडे. "पेन दे," त्या म्हणाल्या.

धाकटीला तळघर दिसलं. पायऱ्या, पहाटेचा गारवा, बोटांना लागलेला खडू. ते दुसऱ्याचं होणार होतं आणि ती कुठल्याशा भाड्याच्या घरात बसून भाजी निवडणार होती. पण त्याहूनही जास्त काय लागलं होतं ते तिचं तिला ठाऊक. पाय धुवायच्या लायकीची. दीड महिना. दोन टोकांची दोन भांडणं, असं तो म्हणाला, आणि तेवढं एक मात्र त्यानं नकळत बरोबर सांगितलं होतं.

"आई, थांब," नवरा म्हणाला. "ही बाटलीच बिघडली असेल. प्रवासात हलली. माझ्या हातची वाईन मी ओळखणार नाही?"

"तुझ्या हातची!" दादांनी पेनाचं टोपण काढलं. "खरं सांग, ही तरी तूच केलीस का? का तिथेही कुणी दुसरंच?"

बोलून गेले, आणि स्वतःच थबकले. पाव जाऊबाईंच्या घशाशी अडला असावा, कारण त्यांनी एकदम पाण्याचा पेला धरला आणि त्याच्या तळाकडे बघत राहिल्या. आईंचं पेन कागदाच्या बोटभर वर थांबलं. कुणीही धाकटीकडे पाहिलं नाही. पाच माणसांच्या टेबलावर चार माणसं इतक्या कसोशीनं एका खुर्चीकडे बघायचं टाळत होती, की धाकटीला सगळं लख्ख कळलं. यांना माहीत होतं. दादांना, जाऊबाईंना, आईंना तर पहिल्या दिवसापासून. दोन वर्षं ती जी मूठ झाकून बसली होती ती कधीची उघडी होती. सगळेच शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघत होते. नवऱ्याचा मान राहावा म्हणून, वडिलांचं नाव राहावं म्हणून, आणि दादांच्या बाबतीत, मळ्याचा भाव पडू नये म्हणून.

टेबलाखाली नवऱ्याचा पाय तिच्या पायावर आला आणि घट्ट दाबला गेला. गप.

"कुणी दुसरं म्हणजे काय?" तो भावाला म्हणत होता. "काय म्हणायचंय तुला? कोण आहे दुसरं त्या घरात?"

त्याला खरोखर उत्तर नको होतं. आणि तो जे विचारत होता ते त्याला स्वतःला ऐकू आलं का, कोण जाणे. कोण आहे दुसरं त्या घरात.

धाकटीनं आपला पाय त्याच्या पायाखालून काढून घेतला. हात लांब करून तिनं त्याच्यापुढचा तो पाय धुवायच्या लायकीचा पेला आपल्याकडे ओढला, आईंच्या समोर ठेवला, आणि आईंकडे बघूनच बोलली.

"मी आहे. ही मी केलीय. दोन वर्षं झाली, तुमच्या तळघरातली सगळी वाईन मीच करते. यांना कशाचाच वास येत नाही."