घसारा

थोरल्या जावेनं पुढचा पाय टाकला आणि बुटाखालचे खडे खळखळत कड्यावरून खाली गेले. ते कुठे पडले, ऐकूच आलं नाही. तिनं पाय मागे घेतला नाही, पुढेही टाकला नाही. दोन्ही हात उताराला टेकून ती मटकन खाली बसली.

धाकटी घसारा ओलांडून पलीकडच्या खडकावर पोचली होती.

"काय झालं, वहिनी?"

थोरलीनं दोन्ही हात मातीत रुतवले.

सकाळी दोघी खिंडीत चढल्या तेव्हा इथे चांगली पायवाट होती. मधल्या वेळात वरचा कडा ढासळला असावा. वाटेच्या जागी आता नुसता घसारा, सैल दगडमातीचा उतार होता, आणि उतार संपत होता तिथे डोंगरच संपत होता. दूर खाली तळ्याकाठी त्यांचे तंबू दिसत होते, हातरुमाल वाळत घातल्यासारखे. दोघींचे नवरे तिथे गळ टाकून बसले असणार. घसा फाटेस्तोवर ओरडलं तरी त्यांना ऐकू जाणार नव्हतं. उन्हाळा सरत आला की दुपारनंतर वर थांबू नका, विजा पडतात, असं वनखात्याच्या चौकीवरच्या माणसानं बजावलं होतं. खिंडीवरचं आभाळ काळवंडत चाललं होतं.

"तू जा," थोरली म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

"आणि तुम्ही?"

"माझ्या पायांत जीवच नाही गं. जा तू."

थोरली गाडी चालवायला शिकवायची. अख्खं गाव तिच्या हाताखाली शिकलेलं. घरात सासूबाईसुद्धा तिच्या शब्दाबाहेर नसत. लग्न होऊन आल्यापासून धाकटी जगात कुणाला भ्यायली असेल, तर या बाईला. आता तीच बाई पांढऱ्या पडलेल्या ओठांनी, डोळे गच्च मिटून बसली होती, आणि ते पाहणं त्या कड्यापेक्षा भयंकर होतं.

ती परत घसाऱ्यावर उतरली. कुल्ले उताराला घासत, इंचाइंचानं सरकत थोरलीपासून हातभर अंतरावर आली. समजावून पाहिलं. मुलांची नावं घेतली. "तळ्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा," म्हणाली. थोरली मान हलवत राहिली. मागे कुठेतरी गडगडलं.

धाकटीनं तिचा दंड धरायला हात पुढे केला, आणि तिचा पाय सटकला. दगडांसकट ती खाली घसरली. किंकाळी निघाली ती आपली आहे हेही तिला कळलं नाही. टाच एका रुतलेल्या धोंड्याला अडली म्हणून ती थांबली.

"डोळे कुठे ठेवलेस?" थोरली कडाडली. "आधी बघावं, मग पाय टाकावा! किती वेळा सांगायचं?"

तिचे डोळे उघडे होते.

धाकटीच्या तोंडात माती गेली होती. थुंकून टाकत ती म्हणाली, "आता कुठे टाकू?"

"तो करडा दगड आहे ना, त्याच्यावर. दाबून बघ आधी. हां. घाई नको." थोरली बोलता बोलता स्वतःही सरकली. "आता वर ये. माझ्या रेषेत."

धाकटी वर आली. दोघी एकामागून एक सरकू लागल्या. अर्ध्यावर थोरली पुन्हा गप्प झाली, तिचे हात पुन्हा मातीत रुतले. धाकटी पुन्हा खाली घसरली. थोरली पुन्हा कडाडली, आणि ओरडत, दटावत, एकेक दगड दाखवत पलीकडच्या खडकावर पोचली.

तळ्याशी येईपर्यंत गारा सुरू झाल्या होत्या. तंबूत सगळे दाटीवाटीनं बसले, आणि थोरलीनं हकिगत सांगितली. "ही निघाली होती थेट तळ्यात उडी मारायला! मी होते म्हणून बरं. बोट धरून आणावी तशी आणली."

"वहिनी नसत्या तर काय केलं असतंस?" धाकटीच्या नवऱ्यानं हसत विचारलं.

"काय माहीत," धाकटी म्हणाली.

गारा थांबल्यावर दोघी खरकटी भांडी घेऊन पाण्याशी गेल्या. थोरली बराच वेळ एकच ताटली विसळत होती.

"दुसऱ्यांदा तुझा पाय सटकला नव्हता," ती मान वर न करता म्हणाली.

धाकटी पातेलं घासत राहिली.

"पहिल्यांदा सटकला होता, वहिनी."

थोरलीनं ताटली खाली ठेवली. घासणं कधीच थांबलं होतं, तरी पातेलं दगडावर खडखड वाजत होतं. तिनं हात पुढे करून ते धाकटीच्या हातातून सोडवून घेतलं.