सुईमहाराजांचं डावं पाऊल

आपल्या स्वयंपाकघरात एवढी माणसं मावतात, हे मावशीलाही त्या सकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. कुणी ओट्यावर, कुणी पिठाच्या डब्यावर, कुणी खिडकीत. आणि मधोमध, पायांत लाकडी खडावा घालून, सुईमहाराज. जमिनीवर होकायंत्र ठेवलेलं. महाराजांनी पाऊल पुढे टाकलं की त्यातली सुई उत्तरेशी असलेलं जन्माचं नातं तोडून थरथरत त्यांच्याकडे वळे, आणि गर्दी हात जोडी.

“तांबं!” महाराज डोळे मिटून म्हणाले. “या चुलीखाली तांब्याची नदी वाहते आहे. भूमाता मला हाका मारते आहे!”

“मग तिला म्हणावं, आधी माझा स्वयंपाक होऊ दे,” मावशी म्हणाली. एक फरशी उखडली गेली होती. खाणीच्या स्वप्नाने झपाटलेला गावचा मुकादम पहार घेऊन दुसरीवर टपला होता. नवऱ्यामागे तिच्यापाशी उरलं होतं ते एवढंच घर.

तेवढ्यात भाची दारात येऊन थबकली. ती भूवैज्ञानिक. गावामागच्या ओसाड डोंगरांत तांबं शोधत हिंडायची. दगड फोडायची, भिंगातून न्याहाळायची, कधी जिभेला लावायची. म्हणून गावाने तिचं नाव ‘दगडचाटी’ ठेवलं होतं. युगायुगांचं मौन एका हातोडीने फुटत नाही, हे तिने केव्हाच स्वीकारलं होतं; पण त्याच मौनाला कुणी भोंदूने चुलीपाशी बडबडायला लावावं, हे तिच्या जिव्हारी लागलं.

“या दगडचाटी बाई!” मुकादम खिदळला. “तुम्ही डोंगर पालथे घातलेत, महाराजांना घरबसल्या गवसलं!”

तिने मांडणीवरचा तांब्याचा हंडा उचलून होकायंत्राला भिडवला. महाराजांकडे लागलेली सुई तसूभरही हलली नाही.

“बघा. होकायंत्राला तांब्याचं सोयरसुतक नसतं.”

“भांड्यातलं तांबं मेलेलं असतं, मुली,” महाराज कनवाळूपणे हसले. “जमिनीतलं जिवंत!”

“वा!” गर्दी डोलली.

भाचीने सवयीने कमरेची हातोडी काढून अंगणात ठेवली. जवळ लोखंड असलं की होकायंत्र खोटं बोलतं; डोंगरावरही ती आधी हेच करी.

“मुकादमकाका, पहार बाहेर. किल्ल्या, अडकित्ते, सगळं लोखंड बाहेर.”

खिसे रिकामे झाले. सुई महाराजांकडेच बघत राहिली.

“आता महाराज, तुमच्या खडावा.”

“त्या लाकडाच्या आहेत!”

“मग काढायला हरकत काय?”

“माझ्या पावलांचा भूमीशी संवाद चालू आहे!”

“अनवाणी जास्त बरा होईल की,” मावशी म्हणाली.

महाराज मोरीकडे सरकले. सुईही तिकडे वळली. ते दाराकडे निघाले, सुई दाराकडे. भाचीने होकायंत्र उचलून त्यांच्याभोवती प्रदक्षिणा घातली. सुई डाव्या पावलावरून हटेना.

“काका, ही खाण चालती-फिरती आहे. आणा पहार, खणायचं तर यांच्या डाव्या पावलाखाली!”

मुकादम भाबडा, त्याने खरोखरच पहार आणून पावलाशी रोखली. महाराजांनी किंचाळून उडी मारली. डावी खडाव निसटली आणि टण्णकन पहारेला चिकटली.

तिच्या तळाला खाच होती. खाचेत, मेणाने बुजवलेलं, जुन्या लाउडस्पीकरचं चुंबक.

महाराज उरलेल्या खडावेवर टकटक करत पसार झाले. भाचीने पहार आणि खडाव दूर अंगणात नेऊन टाकली, तेव्हा कुठे सुई भरकटलेल्या लेकरासारखी उत्तरेला परतली.

“म्हणजे तांबं नाहीच का?” मुकादमाने पडेल आवाजात विचारलं.

“असेलही. सापडलं तर दगड हातात देईन. तपासून घ्या, माझ्याही शब्दावर जाऊ नका.”

“आणि तोवर माझी फरशी बसव,” मावशी म्हणाली. मुकादम मुकाट्याने गुडघ्यांवर बसला.

सत्याला तपासणीचं भय नसतं. ते कितीही वेळा उलटून पाहू देतं. म्हणून चमत्कार उंबऱ्याशी आला, तर वाकण्याआधी त्याला एवढंच सांगावं: पायातलं बाहेर काढ, मग आत ये.