खिडकीजवळची ओली खुर्ची

पहिलेच सांगून टाकतो. वैष्णवीची खुर्ची ओली होत होती ते माह्यामुळं. भूत म्हणा, काय म्हणा, मीच होतो. निदान पहिले तीन महिने तरी.

आमचं गाव मलकापूरपासून एसटीनं पाऊण तास. बुद्धविहाराले लागून एक खोली हाये, तिथं अभ्यासिका. दोन लांब टेबलं, एक पंखा, दहा-बारा खुर्च्या. पोलीस भरती, तलाठी, ज्यानं जो फॉर्म भरला तो त्याचा अभ्यास करते. मी आधी मलकापुरात एका जिनिंगमध्ये होतो. तिथं कंबरेवर कापसाची बांधलेली गाठ पडली. चालता येते, जरासा लंगडतो बस. पण लघवीचा ताबा गेला. आली ते कळतच नाही, पँट ओली झाल्यावर कळते. नस दबली म्हणे डॉक्टर.

वय पंचवीस अन् डायपर. मायशिवाय कोणाले माहीत नव्हतं. माय ते मलकापूरवरून आणे, पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून.

उन्हाळ्यात डायपरनं मांड्या सोलून निघत. म्हणून कधी कधी नुसतं फडकं लावून जायचो. अन् मग व्हायचं ते व्हायचं.

मी बसायचो खिडकीजवळ, शेवटच्या खुर्चीवर. ती वैष्णवीची. वैष्णवी म्हणजे बनाकाकूची पोरगी, नर्सिंगची तयारी करे. दोन वर्षांआधी भर दुपारी विहारामागच्या पायऱ्यांच्या विहिरीत पडली. धुणं धुवाले गेली होती, पाय घसरला म्हणे. त्या खुर्चीवर मग कोणी बसे ना. मले कोपरा पाहिजे होता, मी बसलो.

त्या खुर्चीची रेक्झिन फाटली हाये, आत स्पंज. एका दिवशी बाराले सारे जेवाले गेले, मी उठलो तर स्पंज ओला. वास. मी घाबरून पूर्ण बाटली पाणी ओतलं त्याच्यावर, दाबून दाबून. वास पातळ झाला पण खुर्ची चिंब. खाली पाण्याचं थारोळं. मी मागच्या बोळीनं घरी पळालो.

दोन वाजता वापस आलो तर सारे उभे. कुलदीप, माह्या वर्गातला, भरतीसाठी रोज पाच किलोमीटर पळणारा पठ्ठ्या, तो भिंतीले टेकून त्या खुर्चीकडं पाहत होता. खुर्चीतून थेंब पडत होता. मोजून मोजून पडावा तसा.

आता गंमत पाहा. दुसऱ्या कोणत्या वस्तीत असतं तर त्याच दिवशी लिंबू-मिरची आली असती, आरडाओरडा झाला असता, कोणी तरी नाक लावून पाह्यलं असतं अन् विषय संपला असता. आमच्यात भूतखेत मानत नाहीत. विहाराच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा लिहिल्या हायेत. त्याच्याखाली उभं राहून 'भूत' कोण म्हणेल? मग कोणी म्हणलंच नाही. नुसत्या खुर्च्या सरकल्या. दुसऱ्या दिवशी माह्या आजूबाजूच्या दोन, मग चार. कुलदीप म्हणे इकडं पंख्याची हवा चांगली लागते. एकानं खिडकी खिळ्यानं ठोकून टाकली, धूळ येते म्हणे. मलेही कोणी तरी हळूच सांगितलं का तू इकडं बस ना बे, तिकडं ओल हाये.

जे बोलत नाहीत ते वाढते. बाराचे टोले पडले का खोली रिकामी. कोणाले भूक नसली तरी.

अन् मले बरं वाटे. हे खरं हाये. मले रिकामी खोली भेटली. मी ओलं करायचो, पाणी ओतायचो, फडकं धुवाले निघून जायचो. सारं वैष्णवीच्या नावावर.

मग बनाकाकू येऊ लागली.

एक दिवस मी मागच्या मोरीवर फडकं बदलून वापस येऊन राह्यलो होतो, तर आतून बोलण्याचा आवाज. बाईचा. थोडं बोले, थांबे. कोणी उत्तर देऊन राह्यलं अन् ते ऐकून घ्यावं तसं थांबे. मग पुन्हा बोले. बाहेर चिमणी नाही, वारा नाही, टिनावर ऊन नुसतं तडतड करत होतं.

दाराच्या फटीतून पाह्यलं. काकू खुर्चीपुढं जमिनीवर बसली होती. हात त्या ओल्या गादीवर. हात नाकाशी नेला, डोळे मिटले. मग म्हणे, "लय एकटी पडली ना बाई. येतो मी. हे आठ-पंधरा दिवस वावरातली धसकटं वेचायचं काम उरकू दे."

मी दारातच बसलो. 'येतो' म्हणजे कुठं, ते मले समजलं.

रात्रभर ठरवलं का सकाळी सांगतो. सकाळी नाही सांगितलं. सांगायचं म्हणजे काय? काकू, तुमची पोरगी येत नाही, मी मुततो. हे तोंडातून निघते काय? अन् एकीले सांगितलं का साऱ्या गावाले.

मंगळवारी बुलढाण्याले दवाखान्यात तारीख होती. दोन दिवस तिकडंच होतो, बहिणीकडं. गुरुवारी आलो तर कुलदीप रस्त्यातच भेटला. तोंड उतरलेलं. म्हणे काल पुन्हा ओली होती. मंगळवारीही.

मी नव्हतोच ना गावात.

मी तसाच अभ्यासिकेत गेलो. सकाळचे दहा, पोरं बसली होती, कोणी वर पाह्यलं नाही. खुर्चीले हात लावला. थंडगार. वैशाखात पाणी एवढं थंड राहत नाही. वास घेतला. माह्या नव्हता. शेवाळाचा होता. विहिरीच्या खालच्या पायरीवर येते तसा.

त्या दिवशी मी पहिल्यांदा दुसऱ्या खुर्चीवर बसलो. अन् पाय वर घेऊन बसलो.

शुक्रवारी काकू बाराच्या आधीच आली. पोरं भराभर उठली. मी उठलो नाही. उठलो असतो तर पुन्हा कधी बोललो नसतो. कुलदीप दारातून मले हातानं बोलावत होता.

काकू म्हणे का सोमवारी काम सरते. हे तिनं खुर्चीले सांगितलं, मले नाही.

"काकू," मी म्हणलो, "ती खुर्ची मी ओली करतो. मले लघवी कळत नाही. गाठ पडली तेव्हापासून. वास येऊ नये म्हणून वरून पाणी ओततो. वैष्णवी नाही ते."

कुलदीप दारातच थांबला. त्याच्यामागं अजून दोघं होते. गेलं सारं, मले वाटलं. माह्यी इज्जत, नोकरी, लग्न, सारं त्या दारातून निघून गेलं.

काकूनं माह्याकडं पाह्यलं. राग नाही, रडणं नाही. उठली अन् गेली.

कुलदीप आत आला. मग म्हणे, "म्हणजे आम्ही तीन महिने तुह्या मुताले भेत होतो काय बे?" अन् हसायचं का नाही ते त्याले समजेना. मलेही समजेना. मी मंगळवारचं विचारलं, मग ते कोण? त्याचं हसू तिथंच गेलं.

शनिवार-रविवार काकू आली नाही. पोरायनंही ते बाहेर कोणाले सांगितलं नाही. सोमवारी बाराले मी अभ्यासिकेच्या ओट्यावर बसून होतो. रस्ता पांढरा पडला होता उन्हानं. काकू आली. हातात पितळी लोटा, अंगावर धुतलेलं लुगडं. विहाराकडं वळली नाही. सरळ मागं, विहिरीकडं.

मी पळालो. मले पळता येत नाही, तरी पळालो. कंबरेत कळ गेली अन् त्याच्यासंगं सारं सुटलं, डायपर सरकलं, दोन्ही पायांवरून चपलेपर्यंत. एकदा मी थांबलोही, सवयीनं, मागच्या बोळीत घुसायले. मग नाही घुसलो.

विहिरीत पाणी खाली काळं दिसत होतं. काकू शेवटच्या पायरीवर. पाय पाण्यात घोट्यापर्यंत. लोटा बाजूले. मी चार पायऱ्या वर होतो. पुढं जायची हिंमत होईना, मी हललो अन् तिनंही पाय टाकला तर? आवाज फक्त माह्या पँटीतून पायरीवर पडणाऱ्या थेंबाचा.

तिनं मागं न पाहताच म्हणलं, "मले मालूम होतं. पहिल्या दिवसापासून. वासावरून."

"मग?"

"वैशूलेही तेच होतं. जनमापासून. कपडे, गोधड्या, सारं. कोनाले कळलं नाही, मी कळू देलं नाही." ती पाण्याकडंच बोलत होती. "दोन वर्सानं तो वास आला घरच्यासारखा. कसा सोडू? मंगळवारी खुर्ची कोरडी होती. मले सहन नाही झालं. इथून लोटा भरून नेला अन् मीच वतला. दुसऱ्या दिवशीही."

मी एक पायरी उतरलो. ती हलली नाही. अजून एक.

"मीच तिले म्हणे," काकू म्हणाली, "बाराले जात जाय बाई धुवाले. तवा कोनी पाहत नाही. अन् कोनी पाह्यलंच नाही रे, ती पडली तवा."

पाणी जरासं हललं. काहून ते मले अजून माहीत नाही. वारा नव्हता.

मले समजावता येत नाही लोकायले. मी फक्त एवढंच म्हणलो का काकू, मीबी बाराले येतो इथं फडकं धुवाले, मागच्या बोळीनं. दोनदा पाय घसरला माह्या. कोणी पाह्यलं नाही.

तेव्हा तिनं वळून पाह्यलं. माह्या तोंडाकडं नाही, पँटीकडं. मग पाय पाण्यातून काढले. वर येऊन माह्यं मनगट पकडलं, असं गच्च की तिच्या बांगड्या रुतल्या.

मी म्हणलो मागून चाला, बोळीनं. तिनं नाही म्हणून मान हलवली. "पुढून."

पुढून म्हणजे जानरावकाकाच्या चहाच्या टपरीपुढून. बाराले तिथं सहा-सात माणसं सावलीले बसलेली राहतात. अभ्यासिकेतली पोरंही तिथंच होती, कुलदीपही. रस्त्यावर माह्या चपलेचे ओले ठसे पडत होते अन् सारे ठशाकडं पाहत होते. कोणी हलेना. त्यायच्या डोळ्यात काय होतं मले माहीत हाये. विहिरीकडून बनाबाई येते अन् तिनं हाताले धरलेलं कोणी तरी ओलं.

जानरावकाका म्हणे, "पान्यात पडला काय बे प्रसेनजित?"

हो म्हणलं असतं तर चाललं असतं. तेवढंच सोपं होतं.

"नाही काका. लघवी झाली. मले कळत नाही, कंबरेपासून गेलं ते. डायपर लावतो, आज सरकलं."

कोणी हसलं नाही. गॅसवर चहा उतू गेला, तो कोणी उतरवला नाही.

"माह्या वैशूलेही होतं," बनाकाकू म्हणाली. मनगट सोडलं नव्हतं. "लहानपनापासून. धुवाले गेली होती ते तेच कपडे होते."

जानरावकाकानं गॅस बंद केला. मग बाकड्यावरच्या दोघांले उठवलं अन् फडकं मारून जागा केली. मी उभाच. बाकडं ओलं होईल, मी म्हणलो.

"लाकडाचं हाये," ते म्हणे. "पुसता येते."

बनाकाकू आधी बसली.