एका फेरीच्या दोन हाका

मी पंखा बोलतोय. छताला लटकणारा नव्हे, संगणकाच्या पोटातला, तळहातावर मावणारा. मी थांबलो की संगणक तापून बंद पडतो. आणि माझा संगणक निघाला होता इस्पितळात, नवजात बाळांच्या श्वासांवर लक्ष ठेवायला.

आमचा वेग मोजणारं सॉफ्टवेअर हे संगणक जोडणाऱ्या कारखान्याच्या मालकांनी स्वतः लिहिलेलं. त्यांची भाची कॉलेज संपवून नुकतीच त्यांच्या हाताखाली आली होती. हाताखाली आपलं म्हणायला. ऐकून घेणं तिच्या रक्तातच नाही.

त्या दुपारी माल भरून गाडी दारात उभी होती. शेवटचा मीच. माझं बेअरिंग कोरडं पडलेलं, पाती जडावलेली. पडद्यावर मात्र माझा आकडा हिरवागार! मी जीव तोडून घरघरलो.

"मामा, हा कण्हतोय."

"आकडा बघ की! हिरवा आहे. चल, भर गाडीत."

"आकडा तुमचा आहे. आवाज त्याचा आहे."

"अगं, हे मी लिहिलं तेव्हा तुझे दुधाचे दात पडत होते!"

"तेच तर! तेव्हापासून कुणी उघडून बघितलंय का ते?"

तिने माझ्या एका पात्यावर नेलपॉलिशचा ठिपका दिला, मोबाइलवर संथ चित्रण केलं आणि फेऱ्या मोजल्या. पडद्यावरच्या आकड्याच्या बरोबर निम्म्या.

घोळ असा होता. जुने पंखे फेरीला एक हाक, म्हणजे विजेचा एक ठोका, देत. आम्ही नवे दोन देतो. मामांचं सॉफ्टवेअर दर हाकेला एक फेरी धरायचं. धडधाकट पंख्यांचे आकडे दुप्पट आले, की मामा मिशीला पीळ द्यायचे, "बघा आपली पारख!" आणि माझ्यासारखा रखडणारा पैलवान ठरायचा.

बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. भाचीने सॉफ्टवेअरच्या त्या ओळीत 'भागिले दोन' लिहिलं. खरा आकडा उमटला की माझी गच्छंती, हे मला कळत होतं. तरी मी दोन्ही हाका दिल्या.

पडदा लाल झाला. संगणकाचा धोक्याचा भोंगा किंचाळला. मामांचा हात तो बंद करायला पुढे गेला.

"मामा, हात!"

हात हवेतच थांबला. मामांनी लाल आकडा वाचला. मग दाराशी गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "गाडीतला सगळा माल उतरवा. पुन्हा तपासायचाय."

आता मी भाचीच्या टेबलावर असतो. सॉफ्टवेअर नवं झालं, की आधी माझ्यावर चालतं. मी रखडलो आणि भोंगा गप्प राहिला, तर ते नापास.

तुमच्याकडेही एखादा हिरवा आकडा असेलच. त्याला डोळे द्या, पण कान माझ्या भाऊबंदांकडे असू द्या.

ती आलीच बघा. हातात पेन्सिल आहे, माझी पाती अडवायला.

अडव, बाई.