लेफ्ट गार्डची चौकशी

आमच्या संघाचं नाव पोटोमॅक म्यूल्स. म्यूल म्हणजे खेचर. आमच्या छोट्याशा अमेरिकन फुटबॉल लीगचं नाव तुम्ही ऐकलं नसेल. तिचे सामने व्हर्जिनियातल्या एका केबल चॅनेलवर कुत्र्यांच्या स्पर्धेनंतर दाखवायचे, तेही कुत्र्यांचं लांबलं नाही तर. 'आमच्या' म्हणतोय, पण मी खेळायचो नाही. माझं वजन अठ्ठावन्न किलो. हर्नडनच्या एका कन्सल्टिंग कंपनीनं मला पुण्याहून एच-वन व्हिसावर आणलं, दोन महिने नुसतं बसवून ठेवलं आणि जो पहिला क्लायंट मिळाला त्याच्याकडे पाठवून दिलं. माझ्या रिझ्युमेत डेटाबेस होता, खेचरांना डेटाबेस हवा होता. दोन हजार चार सालची गोष्ट.

गेल्या गेल्या कळलं, की कोच हॅनर्टी यांनी ड्राफ्टच्या पहिल्या तीन फेऱ्या दुसऱ्या संघाला देऊन टाकून एक क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकणारा मुख्य खेळाडू, घेतलाय. क्वार्टरबॅकचं वय अडतीस, गुडघे त्याहून म्हातारे. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून निघालेल्या खेळाडूंची वाटणी. सगळे संघ पाळीपाळीनं एकेक उचलतात. आमची पाळी थेट चौथ्या फेरीत, म्हणजे तिसऱ्या पंगतीला बसल्यासारखं. जिलबी संपलेली, मठ्ठा पातळ.

आणि आम्हाला हवी होती ऑफेन्सिव्ह लाइन. क्वार्टरबॅकच्या पुढे पाच अवाढव्य माणसं उभी असतात, ती. त्यांनी बॉल घेऊन पळायचं नाही, गोल करायचा नाही. समोरून अंगावर येणाऱ्या माणसाला छातीनं, खांद्यानं, डोक्यानं अडवायचं, सामन्यात साठेक वेळा. माइकवर त्यांचं नाव फक्त चूक झाली की घेतात. लग्नातल्या आचाऱ्याची आठवण भात करपल्यावरच होते, तसं.

"पाच माणसं शोधून दे, प्रोफेसर," कोच म्हणाले. मी प्रोफेसर नव्हतो. चष्मा होता.

मी उंची, वजन, पळण्याचा वेग असे अकरा कॉलम केले आणि यादी घरी आणली. घरी विनीता मावशी होती. ती सांता क्लाराला मुलीच्या, वीणाताईच्या बाळंतपणाला आली होती, तिथं विहिणीशी मेथीच्या लाडवांवरून बिनसलं, म्हणून उरलेले चार महिने माझ्याकडे. तिनं डोंबिवलीत बावीस वर्षं वधू-वर सूचक मंडळ चालवलेलं, आणि त्याआधी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक कॉल जोडलेले. तिनं यादी डोळ्यांजवळ धरली.

"स्थळं आहेत का रे?"

"तसंच समज. पाच हवेत."

"एकदम पाच? आणि उंची सहा-चार, वजन एकशे चाळीस किलो. मुलीकडच्यांना पाटच बदलावे लागतील." मग तिनं यादी खाली ठेवली. "हे सगळं अंगावरचं झालं. चौकशी कुठाय?"

चौकशी नव्हती. चौकशी हा बारावा कॉलम मावशीनं सुरू केला. मी ऑफिसला गेलो, की ती कॉलिंग कार्ड घेऊन बसायची. खेळाडूच्या फॉर्मवर दिलेला घरचा नंबर ती कधीच लावायची नाही. "घरचे गोडच बोलणार. शेजारी लाव. घरमालक लाव." पलीकडच्याला ती ट्रंक कॉलच्या इंग्रजीत सांगायची, की मी एका मुलासंदर्भात बोलतेय. पुढे चाळीस मिनिटं तो माणूस बोलायचा. अमेरिकेत कुणी कुणाच्या घरात डोकावत नाही असं मला सांगितलं होतं. डोकावतात. फक्त विचारणारं कुणी नसतं.

"हा घे," मावशी म्हणायची. "शेजारच्या म्हातारीचा कचऱ्याचा डबा दर मंगळवारी ओढून ठेवतो. चार वर्षं. तिला अजून माहीत नाही कोण ठेवतं. पुढं उभं राहायला असाच लागतो."

"आणि हा सहा-सातवाला?"

"बहिणीचं लग्न सोडून मासे धरायला गेला होता. तुमचा तो अडतीसचा म्हातारा मागं उभा असेल आणि हा तळ्यावर."

कोचना मी त्या कॉलमचं नाव 'सीएच इंडेक्स' सांगितलं. तो कसा काढतात, असं त्यांनी विचारलं. सिक्रेट आहे, असं मी म्हटलं. चौथ्या, पाचव्या, सहाव्या आणि सातव्या फेरीत आम्ही मावशीची चार माणसं घेतली. बाकीचे संघ हसले. सरावात पहिल्या आठवड्यातच ती चौघं अशी उभी राहिली, की आमच्याच बचाव फळीतल्या एकानं कंटाळून रिअल इस्टेटचा कोर्स लावला.

पाचवा वेंडेल. त्याला ड्राफ्टमध्ये कुणीच घेतलं नव्हतं. वेस्ट व्हर्जिनियातल्या डोंगरातल्या एका गावाहून तो बंद पडलेल्या गाड्या ओढायचा ट्रक घेऊन स्वतःच सरावाला आला आणि लेफ्ट गार्डच्या, म्हणजे पाचांच्या मधल्या सेंटरच्या डावीकडच्या जागेवर उभा राहिला तो हललाच नाही. मला ड्रायव्हिंग येत नव्हतं, म्हणून तो मला त्याच ट्रकमधून घरी सोडायचा. एकदा वर आला आणि अकरा थालिपिठं खाल्ली. मावशीनं चौकशी न करताच त्याला पास केलं होतं. पण सवय ती सवय. त्याच्या शेजारी राहणाऱ्या मिसेस प्रुइटचा फोन महिनाभर लागत नव्हता, तो सीझन सुरू व्हायच्या आठवड्यात लागला.

मी घरी आलो तेव्हा मावशी पुसलेलं टेबल पुसत होती.

"वेंडेलच्या मानेत काहीतरी आहे," ती म्हणाली. "डोक्याला धक्का बसला की दोन्ही हात लुळे पडतात. दहा-दहा मिनिटं. या हिवाळ्यात दोनदा झालं. एकदा तिच्याच ओट्यावर पडला, कप उचलता येईना. डॉक्टरनं मोठ्या हॉस्पिटलात फोटो काढायला सांगितलाय, हा गेला नाही. बाईला शपथ घातलीय, कुणाला सांगायचं नाही म्हणून."

"मग तुला कसं सांगितलं?"

"मी विचारलं."

मी खुर्चीत बसलो. सामन्यात साठ वेळा, डोक्यानं.

"कोचना उद्याच सांगतो."

"डोकं फिरलंय का तुझं? असं सांगायचं नसतं." तिनं फडकं घडी केलं. "उद्या सगळीकडे होईल. कुठलाच संघ दारात उभा करणार नाही त्याला. खोट कळली तर आपण बाजूला व्हायचं आणि पत्रिका जुळत नाही म्हणायचं. ज्याचं त्याचं पुढं कुठं जमायचं असेल, ते आपल्या तोंडानं का मोडायचं? बावीस वर्षांत एका मुलाचं नाव खराब केलं नाही मी."

मला हे पटलं. खरं सांगायचं तर पटण्यापेक्षा सोयीचं वाटलं. ज्यानं मला रोज घरी सोडलं त्याच्याबद्दल कोचच्या केबिनमध्ये 'मान' हा शब्द उच्चारण्यापेक्षा पत्रिका बरी.

"वेंडेलचा इंडेक्स सेंटरच्या इंडेक्सशी मॅच होत नाही," मी कोचना म्हटलं.

"पोरगा माझा सगळ्यात चांगला आहे."

"आकडे आहेत, कोच."

आधीची चार माणसं याच आकड्यांवर आली होती. कोचनी पुरावा मागितला नाही. त्याच दुपारी वेंडेलला संघातून काढलं आणि ओळखपत्र जमा करायला सांगितलं. तो माझ्या टेबलाशी आला, खाली वाकून स्क्रीनकडे बघत उभा राहिला.

"कुठला आकडा, प्रोफेसर? वजन असेल तर मी कमी करतो."

"वजन नाही."

"वेग?"

"एक असा आकडा नाही तो. सगळं मिळून जुळत नाही."

"बाकी काही नाही ना?"

"नाही."

त्यानं माझा हात हातात घेतला, आणि त्या दिवशीही घरी सोडलं.

दहा दिवसांनी रोअनोकच्या संघाच्या कोचचा फोन आला. त्यांचा लेफ्ट गार्ड जिन्यावरून पडला होता. आमच्या कोचनी त्यांना माझ्याकडे पाठवलं होतं.

"या वेंडेलमध्ये काही खोट आहे का?"

हा प्रश्न डोंबिवलीत रोज विचारला जातो आणि त्याचं उत्तर ठरलेलं आहे. माझ्या तोंडून ते आपोआप आलं. "मुलगा फार चांगला आहे. आमच्याशी जुळलं नाही, एवढंच."

फोन ठेवल्यावर मी अर्धा तास एकाच रिकाम्या रकान्याकडे बघत होतो. परत फोन लावायला हवा होता. उद्या लावू म्हटलं. उद्या शनिवार होता.

वेंडेल रोअनोककडून तीन सामने खेळला. तिन्हींचे आकडे माझ्याकडे यायचे, मी ते भरायचो. प्रत्येक सामन्यानंतर तो उठून चालत गेला, हे व्हिडिओत दोनदा बघायचो. मग वेळापत्रकात पुढचं नाव आमचं आलं. आमच्या घरच्या मैदानावर. म्हणजे आमचे लोक त्याच्या अंगावर जाणार होते. आमच्या बचाव फळीत एकशे पन्नास किलोचा एक जण होता, जो सामन्याआधी स्वतःचं डोकं लॉकरवर आपटून घ्यायचा.

आदल्या संध्याकाळी जेवताना मी मावशीला हे सांगितलं.  तिचा भात कालवून झाला तरी ती कालवत राहिली.

"शशिकांत नावाचा एक मुलगा होता," ती म्हणाली. "ठाण्याचा. चौकशीत कळलं, छातीचं दुखणं आहे, आईवडील लपवतात. मी आमच्या मुलीकडच्यांना म्हटलं, पत्रिका जुळत नाही. आमची मुलगी सुटली. दुसऱ्या मंडळानं मला विचारलं, तर त्यांनाही तेच म्हटलं."

"मग?"

"जमलं त्याचं. आठ महिन्यांनी गेला. ज्या मुलीशी जमलं तिची आई मला बाजारात भेटली. मी कोण ते तिला माहीत होतं. गवार निवडत राहिली, एकेक शेंग मोडून बघत." मावशीनं ताट बाजूला केलं. "उद्या मी येते."

शनिवारी सामना दोनला. बाराला मी रोअनोकची बस उभी होती तिथं गेलो. मागे मावशी, साडी, स्पोर्ट शूज आणि माझं हिवाळी जॅकेट. वेंडेल बसच्या पायरीवर बसून पायाला टेप लावत होता.

"वेंडेल, तुझ्या मानेचं मला माहीत आहे."

टेपचा आवाज थांबला. "कधीपासून?"

"तू आमच्याकडे होतास तेव्हापासून."

"म्हणून काढलं मला."

"हो."

त्यानं टेप तोडून टोक चिकटवलं. "मी तुला विचारलं होतं, बाकी काही नाही ना. तू नाही म्हणालास. तुझा तो कॉम्प्युटर, प्रोफेसर, त्याला माणसाच्या गावातल्या कचऱ्याच्या डब्याबिब्यापर्यंत सगळं कळतं असं पोरं म्हणायची. मला वाटलं, त्यानं सगळं बघितलं आणि मानेचं काही धरलं नाही. म्हणजे ठीक असेल. त्या दिवशी मी डॉक्टरची चिठ्ठी फाडली."

मावशीला इतकं इंग्रजी कळत होतं. तिनं बसच्या चाकाला हात टेकला.

"आज खेळू नकोस," मी म्हटलं.

"आणि तू कुणाला सांगू नकोस," तो म्हणाला आणि आत गेला.

मी त्यांच्या डॉक्टरला सांगितलं. टोपी घातलेला बारीकसा माणूस. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या छातीवर बोट ठेवलं. तिथं खेचर होतं. मी आमच्या संघाचं जॅकेट घालून, सामन्याला दोन तास असताना, समोरच्या संघाला त्यांचा सगळ्यात भक्कम माणूस बाहेर बसवायला सांगत होतो.

"असल्या थापा नेहमी जरा बऱ्या असतात," तो म्हणाला. "गेल्या वर्षी आमच्या किकरला कांजिण्या आहेत म्हणून सांगायला एक जण नर्स बनून आला होता. तुम्हीच काढलंत ना याला, आकडे जुळत नाहीत म्हणून?"

"ते खोटं होतं."

"आणि हे खरं."

"हो."

"सिक्युरिटी," तो हाक मारल्यासारखं नाही, सहज म्हणाला.

सिक्युरिटीवाला येईपर्यंत मावशीनं माझा मोबाइल काढून नंबर फिरवला होता. मिसेस प्रुइटशी ती दोनच वाक्यं बोलली. "तुमची शपथ माझ्यामुळे मोडली, आता अजून एकदा मोडा." आणि फोन डॉक्टरच्या हातात दिला. बाई सात मिनिटं बोलली. दुसऱ्या मिनिटाला डॉक्टरनं टोपी काढली.

वेंडेलला बोलावलं. तो हेल्मेट हातात धरून आला, आमच्याकडे न बघता. डॉक्टरनं त्याला मान उजवीकडे झुकवायला सांगितली आणि डोक्यावर दोन्ही तळवे ठेवून हलकेच दाबलं. अगदी हलकेच, आई केसांना तेल लावते तितकं. हेल्मेट हातातून सुटलं आणि डांबरावर घरंगळत बसखाली गेलं. वेंडेलनं आपल्या बोटांकडे पाहिलं. ती अर्धवट मिटून तशीच राहिली होती.

आम्ही सामना चोवीस गुणांनी जिंकलो. त्यांच्या नव्या लेफ्ट गार्डला आमचा तो लॉकरवाला चार वेळा ओलांडून गेला. कोचनी सगळ्यांसमोर माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, असला हुशार डाव त्यांनी आयुष्यात पाहिला नाही. मी खरं काय ते सांगून बघितलं. ते डोळा मारून हसले.

बाहेर वेंडेल गळ्यात जाड कडक पट्टा घालून फुटपाथच्या कडेला बसला होता. सोमवारी फोटो काढायचे होते. हात मांडीवर, बोटं जरा उघडली होती, जरा नाही. मावशी त्याच्या शेजारी न विचारता बसली होती. तिनं त्याच्या जोड्याची सुटलेली नाडी बांधून दिली होती. मी समोर उभा राहिलो.

"पाच आठवडे तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"हो."

"मी तीन सामने खेळलो."

"हो."

"त्यात किती वेळा उभा राहिलो रे लाइनवर? तुझ्याकडे असेल."

माझ्याकडे होतं. बघावं लागलं नाही.

"एकशे ब्याऐंशी," मी म्हटलं.