पॉजमधली शिट्टी

"डोळे मिटून घ्या. खांदे सैल सोडा. आता जे ऐकू येतंय ते नुसतं ऐका," ताई म्हणाल्या आणि थांबल्या. त्या थांबण्यात मला शिट्टी ऐकू आली.

बारीक, एकसुरी, उजवीकडून येणारी. मी टेबलावर थाप मारून रेकॉर्डिंग थांबवलं. काचेपलीकडच्या खोलीत ताईंनी डोळे उघडले.

"आता काय?"

"शिट्टी वाजतेय."

"मी नाही वाजवली," ताई म्हणाल्या. आपण विनोदी आहोत असं ताईंना वाटतं.

हा स्टुडिओ माझा आणि माझ्या भागीदाराचा. भागीदाराला सगळे 'झालंच' म्हणतात, कारण गिऱ्हाइकाचा फोन आला की काम सुरू व्हायच्या आधीच तो "झालंच, पाठवतो" म्हणून मोकळा होतो. मला 'कानसेन' म्हणतात, आणि ते मात्र खरं आहे. वायर सैल असो, खुर्ची कुरकुरत असो, बोलणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडलेली असो, मला आधी कळतं. बाकीच्यांना मी सांगितल्यावरही कळत नाही. स्टुडिओ चालतो तो माझ्या कानावर. मला दुसरं काही येत नाही, आणि येत नाही याचं कधी वाईटही वाटलं नव्हतं.

काम एका कंपनीच्या ॲपचं होतं. ज्यांना श्वास घ्यायला फुरसत नाही अशा नोकरदारांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी, यावर ताईंच्या आवाजात छोटे छोटे भाग. मधूनमधून उठा. पाणी प्या. मान फिरवा. नाही म्हणायला शिका. पहिला भाग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत द्यायचा, आणि तो आवडला तर वर्षभराचं काम आमचं. निम्मा भाग शांततेचाच होता, कारण ऐकणाऱ्याने तेवढ्या वेळात श्वास घ्यायचा. बोलण्यात शिट्टी लपली असती. शांततेत कुठे लपणार?

मी सकाळपासून खुर्चीतून उठलो नव्हतो. डबा कीबोर्डशेजारी ठेवून खाल्ला, हेडफोन न काढता. 'पाणी प्या' हे वाक्य पुन्हा पुन्हा साफ करताना मला लघवीला जायचं होतं, पण म्हटलं, एवढं वाक्य आटोपलं की जाऊ.

मग मी शोध सुरू केला. आधी एसी बंद केला. शिट्टी तशीच. दिवे बंद केले, ताईंच्या हातात विजेरी दिली. तशीच. झालंचचे दोन्ही फोन बाहेरच्या बाकावर नेऊन ठेवले, तेव्हा तो लेकरू हिरावल्यासारखा दारातच घुटमळत राहिला. माईकची वायर बदलली, मग माईक बदलला, मग पहिला माईक पुन्हा लावला. ताई बंद खोलीत घामाघूम होऊन म्हणत होत्या, "मन शांत होत आहे. शरीर हलकं होत आहे." त्यांच्या आवाजात मन शांत झाल्याचं अजिबात वाटत नव्हतं.

"तुला येतेय का रे ऐकू?" मी झालंचला विचारलं.

त्याने माझे हेडफोन डोक्याला लावले आणि विंचू चावल्यासारखे काढून टाकले.

"अरे, केवढा आवाज ठेवलायस! कानठळ्या बसतील माणसाच्या."

"ते सोड. शिट्टी?"

"कसली शिट्टी? मला आता माझंच बोलणं नीट ऐकू येत नाहीये."

बघा. त्याला येत नव्हती ऐकू. ताईंनाही येत नव्हती. म्हणजे शिट्टी होती, आणि ती फक्त माझ्याच दर्जाच्या कानाला कळणारी होती. आजवर नेहमी असंच झालं होतं. लोकांना ऐकू येत नाही ते मला ऐकू येतं, त्याचंच तर मी खातो.

ताई बाहेर आल्या. गळ्यात मफलर, हातात गरम पाण्याचा थर्मास. या बाई घशाला तान्ह्या बाळासारखं जपतात. थंड नाही, तळलेलं नाही, ओरडणं तर नाहीच. नवऱ्याशी भांडायचं असलं तर चिठ्ठी लिहून भांडतात.

"माझा घसा म्हणजे माझं दुकान," त्या घोट घेत म्हणाल्या. "रोज संध्याकाळी शटर खाली ओढते. तू तुझ्या कानाला कधी सुट्टी दिलीस?"

"कान थकत नसतो ताई. तो काही करतच नाही, नुसता उघडा असतो."

"उघडं दुकान कोणी सोडून जातं का?"

शिट्टी वाजत असताना माणसाने दुकानाचा विचार कधी करायचा? ताईंना घरी पाठवलं आणि झालेल्या रेकॉर्डिंगमधून शिट्टी उद्या खणून काढायची असं ठरवलं.

घरी जेवायला बसलो तर तिथेही शिट्टी.

आता ही दुसरी, हे उघड होतं. स्टुडिओतली कुठल्यातरी यंत्राची, आणि ही फ्रिजची. मी ताटावरून उठून फ्रिजचं बटण बंद केलं. मग वाय-फायचा डबा बंद केला. मग भिंतीवरचं घड्याळ काढून उशीखाली कोंबलं. शेजाऱ्यांची बेल वाजवून त्यांच्याकडे नवीन काही बसवलंय का, असं विचारून आलो. त्यांनी नवीन पडदे बसवले होते.

बायको हे सगळं शांतपणे बघत होती. ती शाळेत गणित शिकवते. चुकीचं उत्तर येताना दिसत असलं तरी मुलाला फळ्यावरचं गणित पुरं करू देते, तशीच ती माझ्याकडे बघत होती. त्याचाच मला जास्त राग आला.

सकाळी तिने दुधाचं पातेलं माझ्यासमोर ठेवलं. फ्रिज रात्रभर बंद राहिला होता आणि दूध नासलं होतं.

"चोर सोडून संन्याशाला फाशी," ती म्हणाली. "स्टुडिओत शिट्टी, घरात शिट्टी. दोन्हीकडे सामाईक काय आहे?"

"वीज," मी म्हणालो.

"वीज सगळ्या गावाला आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा चाललाय तुझा. मी उजवीकडून हाक मारली की तू वळतोस डावीकडे. टीव्ही लावलास की खालच्या मजल्यावरच्या आजींना बातम्या कळतात. आज दुपारी कानाच्या डॉक्टरांची वेळ घेतलीय."

"आज? आज मला मरायलाही वेळ नाही."

"मरायला नाही घेतलेली."

मी दार आपटून निघालो. दाराचा आवाज छान, भरदार आला. एवढा स्वच्छ आवाज ऐकणाऱ्या माणसाला म्हणे कानाचा डॉक्टर!

स्टुडिओत पोचल्या पोचल्या शिट्टीच्या मागे लागलो. कुठल्या पट्टीत वाजतेय ते शोधलं आणि तेवढी पट्टी आवाजातून कापली. शिट्टी राहिलीच. आजूबाजूचं आणखी कापलं. थोडी कमी झाल्यासारखी वाटली, म्हणून आणखी कापलं. पाय सारखा हलत होता, मधूनच उठत होतो, खुर्चीला टेकत होतो, पुन्हा उठत होतो. दुपारी पुरा भाग एकदाचा पाठवला. झालंचने गिऱ्हाइकाला "झालंच" म्हटलं, आणि पहिल्यांदाच ते खरं होतं.

थोड्याच वेळात फोन आला. झालंचने स्पीकर लावला. कंपनीच्या बाई अगदी नम्रपणे म्हणाल्या, "सगळं छान आहे हो, पण ताईंच्या दातांचं काही काम चालू आहे का? स म्हणताना हवा निसटतेय. 'सावकाश श्वास सोडा' ऐकून आमच्याकडे सगळे हसायला लागले."

मी म्हणालो, "मूळ रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी होती."

"ते मूळच जरा पाठवता का?"

मी नको नको म्हणत असताना झालंचने कसलीही सफाई न केलेलं, कच्चं रेकॉर्डिंग पाठवून दिलं. माझ्या हातून न गेलेलं काम आमच्या दारातून आजवर बाहेर पडलं नव्हतं. त्यांचा परत फोन आला तेव्हा झालंच बोलता बोलता उभा राहिला. काम मिळालं होतं. "किती शांत रेकॉर्डिंग आहे," असं बाई म्हणाल्या होत्या. शांत!

झालंचने फोन ठेवला. तो नाचेल असं मला वाटलं होतं. तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि जमिनीकडे बघत म्हणाला, "एकदा तपासून घे ना यार." कानसेन म्हणाला नाही, चिडवलं नाही. त्याच्या त्या हळू बोलण्याने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

म्हटलं ठीक आहे. जातोच. कान उत्तम असल्याचा कागद आणतो आणि काचेवर चिकटवतो, ताईंच्या खोलीतून दिसेल असा. बायकोला फोन केला. ती आधीच दवाखान्यात जाऊन बसली होती. मलाही माझी नसेल इतकी तिला माझी खात्री असते.

तपासणीची खोली बघून मला हसूच आलं. आमच्याच धंद्यातली ती. मऊ भिंती, जाड दार, काच, काचेपलीकडे यंत्र आणि यंत्रामागे एक बाई. फक्त या वेळी मी आतल्या बाजूला होतो. बायको बाहेरच्या बाकावर पर्स मांडीवर घेऊन बसली होती. मी दाराचं रबर दाबून बघितलं. ढिलं होतं.

"तुमची खोली गळकी आहे," मी बाईंना सांगितलं. "बाहेरची शिट्टी आत येतेय."

"कुठल्या बाजूने?"

"उजव्या."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी कागदावर काहीतरी टिपलं. त्यांनी मला काचेकडे पाठ करून बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. "आवाज कितीही बारीक आला तरी दाबायचं. आधी उजवा कान."

दार बंद झालं. मी लगेच बटण दाबलं. सोडलं, पुन्हा दाबलं. किती सोपं आहे, मनात म्हटलं, हे तर बहिऱ्यालाही ऐकू येईल. मग दाबूनच धरलं, कारण आवाज थांबतच नव्हता.

हेडफोनमध्ये बाईंचा आवाज आला.

"अहो, मी अजून काही वाजवलंच नाहीये."

माझा अंगठा बटणावर तसाच राहिला. एसी, दिवे, वायरी, झालंचचे फोन, बिचारा फ्रिज, नासलेलं दूध, शेजाऱ्यांचे पडदे. कोणाचाच काही दोष नव्हता. हेडफोनमध्ये काही नव्हतं, खोलीत काही नव्हतं, आणि तरी ती वाजत होती. मला भीती वाटली. लहानपणी गर्दीत आईचा हात सुटल्यावर वाटली होती, तसली.

"सुरू करतेय हं," बाई म्हणाल्या.

माझ्यासमोर भिंतीवर कानाचं मोठं चित्र टांगलं होतं, काचेच्या चौकटीत. त्या काचेत मागचं सगळं दिसत होतं. बाईंचा हात यंत्रावर होता. त्यांचं बोट खाली गेलं. मी ऐकलं. शिट्टी. बोट उठलं. त्यांनी आवाज वाढवायची चकती थोडी फिरवली, बोट पुन्हा खाली गेलं. शिट्टीच. चकती पुन्हा फिरली, या वेळी बरीच जास्त.

"सुरू आहे बरं का," त्या म्हणाल्या.

आणि मला कळलं की मी पास होऊ शकतो. अर्धं आयुष्य मी काचेतून लोकांचे हात वाचत आलोय. बोट खाली गेलं की दाबायचं, बस. दाबलं असतं तर कागद मिळाला असता, तो काचेवर लावला असता, उद्या सकाळी हेडफोन चढवून पुन्हा शिट्टीच्या मागे धावलो असतो, आणि ऐकू येणारं जे काही उरलंय तेही घालवून बसलो असतो. बाईंचं बोट पुन्हा खाली जाताना मला स्पष्ट दिसलं. अंगठा शिवशिवला.

मी डोळे मिटून घेतले. खांदे सैल सोडून बघितले, ते काही जमलं नाही. अंगठा बटणावरून बाजूला घेतला आणि जे ऐकू येत होतं ते नुसतं ऐकत बसलो.