उसनं नाक

“आजी, आज चहा वेगळाच लागतोय,” ठिपकी म्हणाली आणि ग्लासातले बर्फाचे खडे चमच्याने ढवळू लागली.

“वेगळा म्हणजे कसा गं?”

“कच्चा कच्चा. पुदिना येतोय वासाला. पण आपल्या त्या गवती चहाच्या पातीचा वास कुठे गेला?”

ओटा पुसणारा म्हातारीचा हात जागच्या जागी थांबला. सहा वर्षांच्या पोरीने सहज विचारलेला प्रश्न होता.

एके काळी साबणाच्या कारखान्यात तिला सगळे ‘नाकवाली’ म्हणत. शिजत्या साबणाचा घाणा बिघडला की मुकादम आधी तिला हाक मारायचा आणि मग साहेबाला. तेल जरा खवट असलं तरी ती लांबूनच नाक मुरडायची, आणि तिने नाक मुरडलं की माल परत जायचा. कारखाना सुटला तरी नाव सुटलं नाही. दूध नासलंय का, पोराला ताप भरतोय का, नवरा कुठे बसून आलाय, सगळं तिला वासावरून कळे. नवरा बिचारा त्यामुळे आयुष्यभर सरळ वागला.

ते नाक गेल्या थंडीतल्या तापात गेलं. ताप उतरला, खोकला थांबला, पण वास काही परत आला नाही. आज येईल, उद्या येईल म्हणत तिने कुणाला सांगितलं नाही, आणि पुढे सांगायची हिंमत राहिली नाही. मुलगा लिफ्टच्या दुरुस्तीवर, सून विम्याच्या ऑफिसात. शाळा सुटल्यापासून संध्याकाळपर्यंत ठिपकी आजीच्या ताब्यात. जिला गॅसचा वास येत नाही, करपलेलं कळत नाही, अशा बाईच्या भरवशावर लेकरू कोण ठेवील? झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तिने मूठ झाकूनच ठेवली.

त्यावर तिने एक युक्ती काढली होती. ‘ओळख पाहू’ नावाचा खेळ. भाजी, दूध, पुदिन्याची जुडी, जे हातात येईल ते पोरीच्या नाकाशी धरायचं आणि विचारायचं, “सांग बरं, कसा वास येतोय?” पोरीला वाटायचं आजी आपल्याला हुशार करतेय. उसन्या नाकावर म्हातारीचा संसार झकास चालला होता.

आज मात्र ठिपकी शाळेतून आली ती पेंगतच, आणि सोफ्यावर आडवी झाली. ऊन मी म्हणत होतं. उठल्यावर पोरीला गार चहा लागतो, म्हणून म्हातारीने गॅलरीतल्या कोपऱ्यातल्या कुंडीतून नेहमीसारखी पात खुडली, आलं ठेचलं, पुदिना टाकला, उकळून झाकून ठेवलं, गाळून मध घातला, गार केलं आणि बर्फावर ओतलं. चाखूनही पाहिलं. गोड लागलं. अलीकडे तिला एवढंच कळायचं, गोड की आंबट, गार की गरम.

पोरीचा प्रश्न ऐकताच हातातलं फडकं टाकून ती गॅलरीत गेली. गॅलरीच्या कठड्याला रविवारी रंग दिला होता, तेव्हा मुलाने कुंड्या हलवल्या होत्या. कोपऱ्यात आता लिलीची कुंडी होती. तिच्या लांब, हिरव्या पाती बुडापासून खुडलेल्या होत्या. गवती चहा शेजारी, धक्काही न लागलेला, वाऱ्यावर मजेत डुलत होता.

लिली पोटात जाऊ द्यायची नसते, एवढं तिला ठाऊक होतं. समोरच्यांचं मांजर लिली चावून दोन दिवस निपचित पडलं होतं.

ती आत धावली आणि पोरीच्या हातातला ग्लास तिने ओढून घेतला. अर्धा रिकामा होता.

“आजी! माझा आहे तो!”

“पुरे आता. पोटात दुखतंय का तुझ्या?”

“नाही. का?”

“काही नाही. सहज.”

ठिपकी ठोकळे घेऊन जमिनीवर बसली आणि गुणगुणत मनोरा रचू लागली. म्हातारी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. गाल लाल, डोळे टवटवीत. अर्धाच ग्लास तर प्यायलीय. उकळलेल्या पातीत जोर तो काय राहणार? मांजर एवढंसं, पोरगी चांगली धष्टपुष्ट. मन एकदा पळवाट शोधायला लागलं की त्याला दहा वाटा सापडतात. तिने काचेचा जग उचलला आणि मोरीत उपडा केला. नळ सोडला. मग गाळणी उचलली, पातीचा चोथा कागदात गुंडाळला आणि कचऱ्याच्या डब्याचं झाकण उघडलं.

तिथे तिचा हात अडला.

डॉक्टरने विचारलं, काय खाल्लं, तर काय दाखवणार? अगं बये, तू हे लपवतेयस कुणापासून? स्वतःचीच तिला किळस आली. चोथा तिने स्टीलच्या डबीत भरला, डबी घट्ट लावली आणि फोन उचलला. मुलाचा लागेना. तो कुठल्या तरी लिफ्टच्या खड्ड्यात असणार. सुनेचा लागला.

“अगं, ठिपकीच्या पोटात लिलीची पात गेलीय. गवती चहा समजून मीच उकळून दिली.”

“काय? आई, अहो, तुम्हाला वासावरून कळलं नाही?”

आता खोटं बोलायलाही जागा उरली नव्हती.

“मला वास येत नाही.”

“सर्दी झालीय का?”

“नाही गं. येतच नाही. थंडीतल्या तापापासून. कशाचाच नाही.”

पलीकडे कुणाचा तरी दुसरा फोन वाजत होता. तो वाजून वाजून बंद पडला.

“गॅसचाही?” सुनेने अगदी हळू विचारलं.

“गॅसचाही.”

“तिला चौकातल्या दवाखान्यात न्या. आत्ता. मी तिथेच पोचते.”

जिन्यात दुसऱ्या वळणावर ठिपकी थांबली. “आजी, कसंतरी होतंय,” म्हणाली आणि भडाभडा ओकली. पुन्हा ओकली. मघाचे लाल गाल कागदासारखे पांढरे पडले. म्हातारीने तिला खांद्यावर टाकलं. गुडघ्यांनी केव्हाच राजीनामा दिला होता, पण त्या दिवशी तिने त्यांना विचारलंच नाही.

डॉक्टरीणबाईंनी डबी उघडून पाहिली, पोरीला तपासलं, सलाईन लावलं. सून धापा टाकत आली तेव्हा त्या म्हणाल्या, “घाबरू नका. बरंचसं पोटातून बाहेर पडलंय. संध्याकाळपर्यंत इथेच ठेवू. आजींनी पात बरोबर आणली ते फार बरं केलं. आणि वेळ घालवला नाही.”

म्हातारीने मान खाली घातली. वेळ घालवला होता. एक जग रिकामा होण्याइतका घालवला होता, आणि ते तिला एकटीलाच माहीत होतं.

रात्री ठिपकी मऊ भात खाऊन आईच्या मांडीवर पडली होती. मुलगा येरझाऱ्या घालत होता.

“एवढे महिने, आई? एका शब्दाने सांगता येत नव्हतं?”

“सांगितलं असतं तर पोरीला माझ्याकडे ठेवली असतीस?”

मुलगा थांबला. सून ओरडली असती तर म्हातारीला बरं वाटलं असतं. पोरीच्या केसांतून हात फिरवत शेवटी सून म्हणाली, “सोमवारपासून शाळेजवळच्या पाळणाघरात ठेवू या तिला.”

“बरोबर आहे,” म्हातारी म्हणाली. खरंच बरोबर होतं, म्हणूनच जिवाला लागलं.

ठिपकीने डोळे उघडले. “मग आजीला वास कोण सांगणार?”

म्हणजे पोरीला सगळं ठाऊक होतं! म्हातारी उठून गॅलरीत गेली.

मुलाने गॅसच्या वर गॅस गळला की बोंबलणारं एक यंत्र बसवलं. लिलीची कुंडी कुणाला तरी देऊन टाकली. आता गॅलरीत लांब पातीचं दुसरं काही नाही. तरीही दुपारी पात खुडताना म्हातारी डोळ्यांवर विसंबत नाही. पातीच्या कडेवरून बोट उलटं ओढते. लिलीची कड गुळगुळीत, गवती चहाची करवतीसारखी. बोटावर केसासारखी लाल रेघ उमटली की मगच ती पात पातेल्यात जाते. तिच्या बोटांवर अशा रेघा कायम असतात.

उकळून, गाळून, मध घालून ती जग भरते. आधी एक ग्लास बर्फावर ओतून स्वतः सगळा पिते. तिला तो नुसता गोड आणि गार लागतो. मग जग फ्रीजमध्ये ठेवून, पोटावर हात धरून खुर्चीत बसून राहते. घर शांत असतं.

संध्याकाळी दार उघडतं. ठिपकी चपला भिरकावत आत पळते. सून फ्रीज उघडते आणि जगाला हात लावण्याआधी विचारते, “आई, तुम्ही घेतलात?”

“दुपारीच.”

मग सून ठिपकीचा ग्लास भरते.